कॅमेऱ्याचा जोडधंदा
(स्मृती नगर येथे उत्सवात दिलेल्या छोट्या भाषणावरून)

मंडळी, 'वरकमाई' म्हटलं की भलताच वास येतो, म्हणून मी जोडधंदा म्हणतो. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मूळचे फोटोग्राफर. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली.

आपण पाळी सांभाळून लग्नं टिपणारे. लग्न एका दिवसाचं, एडिटिंग चार रात्रींचं. भाव सांगताना मी त्या रात्री धरतो, निम्मे पैसे आधी घेतो. मूळ फाइलींच्या दोन प्रती होईपर्यंत कार्ड पुसत नाही. अंतरपाट पुन्हा धरायला कोण सांगणार?

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोची आणि चित्रफितीची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाची. बटण आपण दाबलं म्हणून तो आपला होत नाही! नवरीचा फोटो जाहिरातीत लावायचा असेल तर बयाण्याच्या पावतीवरच होकार लिहून घ्या. नोकरीत असाल तर कार्यालयाचे नियमही आधी वाचा.

विसर्जनाचे फोटो मी मंडळाला फुकट देईन. पेनड्राइव्ह मात्र आपापला आणावा.