चेहऱ्याच्या मापात वय मावत नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मथुरा प्रकरण आपल्याला तोंडपाठ आहे, पण त्यातला वयाचा मुद्दा मागे पडतो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात तिच्यावर बलात्कार झाला. डॉक्टरांनी तिचं वय १४ ते १६ सांगितलं. संमतीचं वय तेव्हा १६ होतं. ती १६च्या खाली असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असं सत्र न्यायालय म्हणालं आणि संमती गृहीत धरून पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आज कायद्याची रेषा १८ वर आहे आणि वय ठरवायला चेहऱ्याची मापं पुढे येताहेत. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची रुंदी, चेहऱ्याची उंची यांच्या प्रमाणावरून अंदाज बांधायचा. आता तर संगणक नुसत्या फोटोवरून वय सांगतो. ब्रिटन सरकारने २०२५ साली आश्रय मागणाऱ्या तरुणांसाठी हे तंत्र वापरायचं जाहीर केलं.

वाढत्या वयात नाक-जबडा वाढतो, म्हणून सहा आणि सोळा वर्षांतला फरक कळतो. पण मुलींच्या चेहऱ्याची वाढ मुलग्यांच्या आधी पुरी होत येते. मग सतरा आणि एकोणीस कसं ओळखणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०२४ साली अशा सहा प्रणाली तपासल्या. बायकांच्या चेहऱ्यांबाबत चुका जवळजवळ नेहमीच जास्त निघाल्या.

चुकीची किंमत मुलगीच भरते. दलालाकडून सोडवलेली सोळा वर्षांची मुलगी सज्ञान ठरली, तर पॉक्सोचं संरक्षण गेलं. मर्जीने लग्न केलेली एकोणीस वर्षांची अज्ञान ठरली, तर तिची रवानगी बालगृहात!

म्हणून बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ९४ पाठ करा. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल, तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यातलं काहीच नसेल, तरच हाडांची तपासणी किंवा इतर अद्ययावत वैद्यकीय चाचणी. या शेवटच्या शब्दांतून चेहऱ्याचं माप उद्या आत शिरू शकतं, हे ध्यानात ठेवा. हाडांच्या तपासणीतही दोन वर्षं इकडे-तिकडे धरावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच मान्य केलं आहे.

तेव्हा मुलगी आपल्याकडे आली की पहिल्याच दिवशी शाळा आणि ग्रामपंचायत गाठा. अहवालात वयाचा एकच आकडा असेल, तर मागे-पुढे किती वर्षं धरायची, हे लेखी मागा. तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणी वय सांगू लागलं, तर आधी दाखला शोधलात का, असं विचारा.