‘ताई, हे कोनाचं हाये?’

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं मनोगत)



आज मला आपल्या अंकातल्या ‘माझा अनुभव’ या पानाबद्दल बोलायचंय. आणि आधी माझी एक चूक सांगायचीय.

मागच्या वर्षी एका काकूंनी मला वहीचं फाडलेलं पान दिलं. गटातून अंतर्गत कर्ज काढून त्यांनी बकरी घेतली होती, ती श्रावणात मेली. त्यांनी लिहिलं होतं, “बकरी मेली त्या दिवशी मले रडू नाही आलं. हप्ता आठवला. रातच्याले रडली.” पुढे होतं की, सोयाबीनच्या सोंगणीला जाऊन हप्ते फेडले. आणि गटातलं कोणी विचारायला आलं नाही, फक्त हप्त्याच्या तारखेला सगळ्यांना आठवण आली.

मी ते ‘नीट’ केलं. “शेळीच्या आकस्मिक मृत्यूमुळे कुटुंबावर आर्थिक संकट ओढवले. तथापि गटाच्या सहकार्याने मी त्यावर मात केली.” रडण्याचं वाक्य काढलं. कोणी आलं नाही, तेही काढलं. छापून आल्यावर मी काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बेस लिहिलं. ताई, हे कोनाचं हाये?”

मला खरंच काही सुचलं नाही.

मी असं का केलं? मीही खेड्यातलीच. एमएसडब्ल्यूला गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात वर्गात ‘मले’ म्हटलं आणि मागचा बाक हसला. त्यानंतर दोन वर्षं मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासायचे. अहवालात ‘सदर’, ‘तथापि’ लिहायला शिकले. त्याची गरजही असते, खोटं कशाला बोलू? ठरावात तारीख, रक्कम, सूचक, अनुमोदक ठरल्याप्रमाणेच पाहिजेत, बँकेच्या अर्जात बकरी मेल्याचं रडणं चालत नाही. पण तीच भाषा मी काकूंच्या दुःखावर चढवली, आणि गटाच्या कानावर जायला हवी ती गोष्टच गायब झाली.

मग ग्रामसंघाच्या बैठकीत काकूंना विचारून मी मूळ पान वाचलं, जसंच्या तसं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मागून एक ताई म्हणाली, “माही बी मेली. म्या सांगतलंच नाही.” त्या दिवशी पहिल्यांदा जनावरांच्या विम्यावर तासभर चर्चा झाली. कोणाची बकरी मेली तर आठ दिवसांत दोघींनी घरी जाऊन यायचं, असं ठरलं. माझ्या ‘तथापि’नं यातलं काहीच झालं नसतं.

आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. आपलं हे पहिलंच लिखाण आहे आणि भाषा कडक झालीय, हे त्यांनी सुरुवातीलाच कबूल केलं. पण मऊ केली नाही. घरात, ओट्यावर बाई जशी तावातावानं बोलते तशीच ती आहे. त्यांच्यावर टीका झाली, जोतिराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली.

आणि “आम्हाले कुठं लिहिता येतं” म्हणणाऱ्यांसाठी बहिणाबाई चौधरी आहेतच. त्यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या म्हणायच्या आणि घरातली माणसं उतरवून घ्यायची. पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्यावर. म्हणून म्हणते, तुम्ही सांगा, पोरगी लिहील. पोरीला एवढंच बजावा की ‘हाये’चं ‘आहे’ करायचं नाही. (शाळेच्या वहीत मात्र करायचं, नाहीतर बाई मला रागावतील!)

काय लिहावं, असंही विचारता. यशोगाथाच पाहिजे असं नाही. पहिल्यांदा बँकेत सही केली तेव्हा हात कसा झाला, ते लिहा. नवऱ्याला न सांगता गटात आलात, ते लिहा. नाव नको असेल तर छापणार नाही, पान माझ्याजवळच राहील. कोणाची परवानगी लागेल असं वाटत असेल तर आधी लिहून ठेवा, छापायचं नंतर बघू.

पुढच्या मासिक बैठकीला अर्धं पान आणा. मी शब्द बदलणार नाही. कुठं समजलं नाही तर फोन करून विचारेन.

काकूंचं मूळ पान याच अंकात छापतोय. परवानगी मागायला गेले तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “छापा. पन रातच्याले रडली, थे काढू नका.”