पाहुण्या नव्हेत, शेजारणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळाने वर्षभरात काय केले ते सांगण्याची रीत आहे. ते काम चिटणीसबाईंनी चोख बजावले आहे. म्हणून मी आज मंडळाच्या बाहेर राहिलेल्या बायकांविषयी बोलणार आहे. त्या काही फार दूर राहत नाहीत. सुभाषग्राम, विवेकानंदपूर, सुंदरनगर ही गावे आपल्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतलीच. तेथल्या बंगाली बायका आपल्याला बाजारात भेटतात, भाजीचा भाव सांगतात, मार्कंड्याच्या यात्रेत आपल्या शेजारून चालतात. पण आपल्या सतरंजीवर त्या अजून बसलेल्या नाहीत.

या बायका येथे आल्या कशा, हे आपल्या मुलींना आता ठाऊक नसते. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला. १९५० मध्ये तिकडे दंगली उसळल्या, १९६४ च्या आरंभी पुन्हा उसळल्या. प्रत्येक वेळी लाखो माणसे हातात सापडेल ते घेऊन सीमेअलीकडे आली. पश्चिम बंगालला एवढी माणसे सामावून घेता येईनात. सरकारने १९५८ मध्ये ओरिसातील कोरापुट आणि मध्यप्रदेशातील बस्तर या भागांसाठी दंडकारण्य योजना सुरू केली. रायपूरजवळ माना येथे मोठी छावणी होती. तेथे तंबूंत दिवस काढल्यावर कोणाला कोठे पाठवायचे ते ठरे. त्याच सुमारास आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही अशी कुटुंबे वसवण्यात आली. आपला गडचिरोली जिल्हा पुढे १९८२ मध्ये झाला. म्हणजे जिल्ह्याच्या नावापेक्षा या वस्त्या जुन्या आहेत!

विचार करा, नद्या-खाड्यांच्या सपाट मुलखात वाढलेली बाई, जिला नावेतून माहेरी जाण्याची सवय, ती एकाएकी सागाच्या जंगलात येऊन उतरली. भाषा कळेना, झाडे ओळखीची नाहीत, रात्री वाघाची भीती. तिने काय केले? अंगण सारवले, तुळस लावली आणि घरामागे तळे खोदून मिळाले तर त्यात मासे सोडले. आज त्या वस्त्यांतला भाजीपाला आपल्या बाजारात येतो, तो त्या कष्टाचा.

आता कोणी म्हणेल, त्यांची रीत वेगळी, आपली वेगळी. मी म्हणते, जरा जवळ जाऊन पाहा. आपली झाडीपट्टी धानाची, तशी त्यांची मायभूमीही धानाची. आपल्याला बोडी आणि तलाव हवा, त्यांना पुकूर हवा. आपण मुरमुरे खातो, त्या मुडी खातात. आपण भाताला भात म्हणतो, त्याही भातच म्हणतात. काकीला काकी, मामीला मामी, आणि मावशीला त्या 'माशी' म्हणतात. आपल्याकडे रात्र रात्र झाडीपट्टीची नाटके चालतात, बंगालात रात्र रात्र जात्रा चालते. पौष संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो, तेव्हा त्यांच्या घरी तांदळाच्या पिठाचे आणि गुळाचे पिठे होत असतात. आपल्या सवाष्णीच्या हातात हिरवा चुडा, त्यांच्या हातात शंखाची पांढरी आणि पोवळ्याच्या रंगाची तांबडी बांगडी. भगिनींनो, भेद आहे तो रंगाचा. बांगडीमागची इच्छा एकच आहे.

घर सुटलेल्या माणसांची ही गोष्ट आपल्याच मुलखात घडली असे नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना नावाचे राज्य आहे. तेथे १७३० च्या दशकापासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोक येऊन राहू लागले. त्यांत फ्लोरा मॅक्डोनाल्ड ही बाई १७७४ मध्ये गेली. १७४६ साली स्कॉटलंडच्या पराभूत राजपुत्राला दासीच्या वेषात पळून जाण्यास मदत केल्यामुळे तिचे नाव गाजले होते. अमेरिकेत तिने नवा संसार मांडला, तोच तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. तिचा नवरा इंग्रजांच्या बाजूने लढताना १७७६ मध्ये पकडला गेला, घरदार गेले, आणि १७७९ मध्ये ती मायदेशी परतली. बाकीचे पुष्कळ जण मात्र तेथेच राहिले. १८९९ मध्ये तेथे नवा जिल्हा झाला, त्याचे नावच स्कॉटलंड ठेवले. शेतीवाडीचा मुलूख, घरोघर 'मॅक'ची आडनावे. त्यांच्या चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकातही त्यांच्या गेलिक भाषेत प्रवचने होत. पुढे ती भाषा घरांतून गेली. आज नाव आहे, आडनाव आहे, सणावारी घालायचा चौकड्यांचा पोशाख आहे. पण आजीची भाषा नातवाला येत नाही.

यातून आपण काय घ्यावे? भाषा शाळेत टिकते त्याहून अधिक ती चुलीपाशी टिकते, आणि चूल बाईच्या हाती आहे. बंगाली मुले मराठी शाळेत शिकतात, आपल्या मुलांइतकी सफाईदार मराठी बोलतात. हे चांगलेच आहे. पण म्हणून त्यांच्या आजीची भाषा जावी असे नाही. आपली झाडीबोली शहरात हसण्यावारी नेली की आपल्याला कसे लागते? तसेच त्यांनाही लागत असेल.

दोन कठीण गोष्टीही बोलल्या पाहिजेत. पहिली अशी की, या वस्त्या रिकाम्या जागेवर झाल्या नाहीत. जेथे जंगल तुटले, तेथे गोंड-माडिया बांधवांचा मोह होता, तेंदू होता, देव होते. अमेरिकेतही त्या स्कॉट लोकांच्या आधी मूळचे लोक होते. लुंबी जमातीची माणसे त्या भागात आजही राहतात. एकाचे दुःख पाहताना दुसऱ्याचे विसरणे हा न्याय नव्हे. पण त्याचा हिशेब निर्वासित बाईकडे मागणे हाही न्याय नव्हे. जागा तिने निवडली नव्हती.

दुसरी गोष्ट कागदांची. या कुटुंबांत नमःशूद्र समाजाचे लोक बहुसंख्य आहेत. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्राच्या यादीत त्याचे नाव नाही. एकाच वंशाची दोन मुले, एकाला तिकडे सवलत, दुसऱ्याला इकडे नाही. हा निर्णय सरकारचा आहे, मंडळाचा नव्हे. पण तिसऱ्या पिढीतल्या मुलीला 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असे आपण पुनःपुन्हा विचारावे की न विचारावे, हे मात्र आपल्या हाती आहे. तिचा जन्म येथला आहे. ती चामोर्शीची आहे.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. येत्या संक्रांतीला त्या गावांत जाऊन आमंत्रण द्यावे. आणि ते केवळ सवाष्णींना नको. त्या वस्त्यांत पांढरे लुगडे नेसलेल्या पुष्कळ म्हाताऱ्या आहेत. जुन्या वाटेची सगळी हकीकत त्यांच्याच तोंडी आहे. त्यांना वगळून हळदीकुंकू केले तर ज्यांना ऐकायचे त्याच बाहेर राहतील. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपले मंडळ त्याहून मागे का राहावे? आपल्यातल्याही कित्येकी दर संक्रांतीला घरी बसतात, हे आपण जाणतो. त्यांनाही त्याच दिवशी बोलवावे. तिळगूळ आपण द्यावा, पिठे त्यांच्या हातचे खावे.

त्या म्हाताऱ्या जे सांगतील ते आपल्या शाळकरी मुलींनी वहीत लिहून घ्यावे: कोणत्या गावाहून निघाल्या, वाटेत कोणाला गमावले, येथे पहिली चूल कोठे पेटवली. वर्षे सरत आहेत, सांगणाऱ्या कमी होत आहेत. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतली चार पाने छापता आली, तर आजच्या समारंभाचे सार्थक झाले असे मी समजेन.

भगिनींनो, आपण मार्कंड्याच्या छायेत राहतो. यमाने पाश टाकला तेव्हा मार्कंडेयाने शंकराच्या पिंडीला मिठी मारली आणि देवाने त्याला दूर लोटले नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आश्रयाला आलेल्याला जागा देण्याची शिकवण आपल्याला बाहेरून आणावी लागणार नाही. सरकारने त्यांना जमीन दिली. सतरंजीवरची जागा मात्र आपणच द्यायची आहे. माझी ही सूचना मंडळाने आजच्याच सभेत ठरावाने मंजूर करावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.