दाटलेल्या गड्ड्यांना नवी जागा

हैदराबादेत मृगाच्या सरी येऊन गेल्या, माती जरा थंडावली, की अंबरपेठेतल्या अंगणांत आणि गच्च्यांवरच्या कुंड्यांत जुनी झाडं हलवायला हरकत नाही. भर मे महिन्यात, चाळीस अंशांच्या उन्हात, मुळांना हात लावू नका.

गवती चहाचा ठोंब तीन-चार वर्षांत इतका दाटतो, की मधली पाती वाळू लागतात. पाती वीतभर ठेवून छाटा, ठोंब मातीसकट उपटा आणि मुळं असलेले फुटवे हातानं सोडवा. कर्दळ, सोनटक्का यांचे गड्डे मात्र धारदार सुरीनं कापावेत. प्रत्येक तुकड्यावर निदान एक डोळा हवाच. कापलेला भाग सावलीत सुकू द्या, त्यावर राख चोळा. ओला काप लगेच पुरला तर तो कुजू शकतो.

निशिगंधाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. एकदा फुललेला कंद सहसा पुन्हा फुलत नाही. त्याच्या कुशीतली पिल्लं मोठी झाली की तीच फुलतात. फुलं थांबलेला जुना वाफा पाहून अनेकजण खतावर खत घालतात. खरी अडचण असते गर्दीची. पानं पिवळी पडल्यावर कंद काढा, सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे फुलांसाठी निवडा. बारके टाकू नका, वेगळ्या कुंडीत वर्षभर वाढवा.

लावल्यावर आठवडाभर सावली धरा. पाणी बेतानं द्या, खत मात्र नवी पालवी दिसल्यावरच.