कौलारू घराचा माळा आणि हवा
(मांद्रे येथे केलेले भाषण)



गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणूनच आपली छपरे उतरती. जुने नळे असोत, वा बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास काढलेल्या कारखान्यापासून रूढ झालेली चपटी कौले असोत, त्यांच्या सांध्यांतून ऊन हवा व वाफ बाहेर पडत असे. चुलीच्या धुराने वासे व रिपा कोरड्या राहत आणि किडीला आळा बसे. हवेची निराळी तजवीज करण्याची गरजच नव्हती.

आता गॅस आला. डोळ्यांच्या व छातीच्या दृष्टीने हे हिताचेच झाले. परंतु त्याच सुमारास माळ्याखाली प्लायवूडचे छत, कौलांखाली प्लास्टिक किंवा कौलांच्या जागी पत्रा आला. धूर गेला आणि वाराही कोंडला. दमट हवा रात्री थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते. वाशांवर बुरशी चढते, भाताचे बियाणे व शाळेची दप्तरे खराब होतात. उन्हाळ्यात तेथील उष्मा खालच्या वर्गातील मुलांना सोसावा लागतो. छताआड कुजणारा वासा मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही; भर पावसात तो मोडला म्हणजेच कळते.

उपाय सोपा आहे. ऊन हवा वर चढते. यास्तव वळचणीपाशी हवा आत येण्यास आणि आढ्याजवळ ती बाहेर जाण्यास, अशा दोन्ही वाटा हव्यात. अमेरिकेतील बांधकाम-नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग हे प्रमाण सांगितले आहे. ४५ चौरस मीटरच्या माळ्यास ०.३ चौरस मीटर वाट पुरेल. निम्मी खाली, निम्मी वर. नैर्ऋत्येकडील पावसाचा मारा अडविण्यास बाहेर उतरत्या तिरप्या पट्ट्या बसवाव्यात. वटवाघळे व उंदीर यांसाठी जाळी लावावी. लोखंडी जाळी खाऱ्या वाऱ्याने गंजते, म्हणून ती स्टेनलेस स्टीलची असावी. जाळीने हवा थोडी अडते, तेव्हा भोक किंचित मोठे ठेवावे.

मे महिन्यात कौले परतताना प्रत्येकाने माळ्यावर चढून सुरीच्या टोकाने वासे तपासावेत. शिक्षकांनी माळ्यावरील व वर्गातील तापमान विद्यार्थ्यांकडून नोंदवून घ्यावे. अधिकाऱ्यांना विनंती अशी, की शाळांच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात छताच्या खर्चाबरोबर या दोन वाटांचा खर्चही धरावा. छप्पर नव्याने घालण्यापेक्षा तो पुष्कळच कमी येईल.