निरुपयोगी कोणाला म्हणावे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



कुरआन शरीफमधील सोळाव्या सूरहचे नाव 'अन्-नहल', म्हणजे मधमाशी, हे आपण जाणताच. मधमाशी म्हटली की उद्योग, शिस्त आणि मध ह्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात आणि मुलांना आपण तिचाच दाखला देतो. आज मात्र मी आपणांस अशा एका रानमाशीची हकिकत सांगणार आहे, की जी मध साठवीत नाही, पिलांसाठी पराग गोळा करीत नाही आणि स्वतःचे घरही बांधीत नाही.

ही माशी उत्तर अमेरिकेतली. लांबीला जेमतेम एक सेंटिमीटर. क्रेसन नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १८७८ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. 'एपिओलॉइडिस पिलोसुलस' असे तिचे लांबलचक नाव आहे. आपण तिला कोकीळमाशी म्हणू. कारण कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, तशी ही 'मॅक्रोपिस' नावाच्या दुसऱ्या रानमाशीच्या घरट्यात अंडे घालते. मॅक्रोपिसने आपल्या पिलासाठी साठविलेली शिदोरी खाऊन हिची अळी मोठी होते.

आता ही मॅक्रोपिस पाहा. ती पोळे करून राहत नाही. एकएकटी मादी जमिनीत बीळ करून त्यात अंडी घालते. ओलसर जागी वाढणाऱ्या 'लायसिमॅकिया' नावाच्या पिवळ्या फुलांच्या रोपांवर तिचा संसार चालतो. ह्या फुलांत मध नसतो, एक प्रकारचे तेल असते. त्या तेलात पराग कालवून ती पिलांचे अन्न तयार करते आणि त्याच तेलाचा हात घराच्या आतील भिंतींना देते, म्हणजे ओल आत शिरत नाही. स्वतःच्या पोटासाठी मात्र तिला दुसऱ्या फुलांकडे मधासाठी जावे लागते.

म्हणजे फूल, फुलावर जगणारी माशी आणि त्या माशीवर जगणारी कोकीळमाशी अशी ही साखळी आहे. ओलसर जागा बुजविल्या, माळ नांगरले किंवा कीटकनाशके फवारली, की मॅक्रोपिसची संख्या घटते. ती पुरती नाहीशी होण्याच्या कितीतरी आधी कोकीळमाशी नाहीशी होते, कारण यजमानच थोडे उरले तर पाहुणीने उतरावे कोठे?

नेमके हेच घडले. अनेक दशके ही माशी कोणाच्या दृष्टीस पडली नाही आणि ती नामशेष झाली असावी, असे तज्ज्ञांना वाटू लागले. मग २००२ साली कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात आणि २००६ साली अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात ती पुन्हा सापडली. कनेक्टिकटमध्ये ती कोठे मिळाली? विजेच्या मोठ्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्यात! तारांना लागू नयेत म्हणून तेथील उंच झाडे तोडली जातात, आणि त्यामुळे खालच्या बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत राहते. २०११ साली कॅनडाच्या वन्यजीव-समितीने ह्या माशीची गणना संकटग्रस्त प्राण्यांत केली.

तिला वाचवायचे म्हणजे काय करायचे? तिला पकडून पिंजऱ्यात वाढविता येणार नाही. लायसिमॅकियाची ओलसर जागा राखावी, ती फुलात असताना गवत कापू नये, जवळपास औषध फवारू नये आणि बिळांची जमीन उकरू नये. आधी फूल आणि यजमान जगवावा लागतो, पाहुणी मग आपोआप जगते.

कोणी विचारील, दुसऱ्याच्या घरी खाणारे हे बांडगूळ जगविण्यात फायदा काय? फायदा असा, की जेथे कोकीळमाशी आढळते तेथे तिचे यजमान भरपूर आहेत आणि त्यांची फुले शाबूत आहेत, हे ओळखावे. आपण जिला ऐतखाऊ म्हणतो, तीच त्या रानाच्या प्रकृतीची साक्षीदार ठरते.

पालकहो, 'ह्याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपण मुलांनाही फार लवकर विचारतो. एखादा मुलगा किंवा मुलगी कीटक, गवत, दगड न्याहाळीत बसली, की आपण म्हणतो, हे सोड, नोकरी मिळेल असे काही शिक. परंतु १८७८ साली कोणी एका बारीक माशीकडे नीट पाहून तिची नोंद केली नसती, तर २००२ साली सापडलेली माशी कोणती, हे कोणी ओळखले असते?

विद्यार्थी मित्रांनो, अशा माश्या आपल्याकडेही आहेत. निळसर पट्ट्यांची, जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत घर करणारी 'अमेगिला' माशी आपल्या बागांत येते. काळ्या अंगावर निळे-पांढरे ठिपके असलेली 'थायरियस' तिच्या घरट्यात अंडी घालते. तुळशीच्या मंजिऱ्यांपाशी थोडा वेळ थांबून पाहा. काय दिसले ते तारखेनिशी वहीत लिहा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा. पालकांनीही ती वही एकदा हाती घेऊन पाहावी, एवढीच विनंती.

अल्लाहच्या निर्मितीकडे पाहण्याची दृष्टी आपल्या मुलांना लाभो, हीच दुआ. आमीन. खुदा हाफिज.