सर्वांच्या मुखी एकच वाक्य
(हिवरा आश्रम, जि. बुलढाणा येथील व्याख्यानाचा मजकूर)



हुकूमशाही धाकाने येते, पण टिकते ती शब्दांच्या मक्तेदारीवर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जारी झाली, तेव्हा दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. देशाला ही वार्ता कळली ती दुसऱ्या सकाळी आकाशवाणीवरून, पंतप्रधानांच्याच तोंडून. मेहकर तालुक्यासारख्या भागातील खेड्याला रेडिओ हेच जगाचे दार होते. त्या दारातून पुढे दीड वर्ष एकच आवाज आत येत राहिला.

ही यंत्रणा कशी उभी राहिली, हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. प्रथम पूर्वनियंत्रण आले. मग फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था निर्माण करण्यात आली. बातमीचा उगमच ताब्यात आला, की प्रत्येक संपादकामागे शिपाई उभा करावा लागत नाही. वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारास किशोरकुमार यांनी नकार दिला, तेव्हा मे १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार झाली. ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. कलावंताने गप्प राहणे पुरेसे नव्हते. त्याने स्तुतिपाठ गावा, ही अट होती.

महाराष्ट्राने याला उत्तर दिले ते कऱ्हाडला. डिसेंबर १९७५ मधील साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्याच व्यासपीठावरून अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांना तुरुंगवास घडला.

सक्तीच्या नसबंदीचे सत्य वृत्तपत्रांत छापू दिले गेले नाही. ते तोंडोतोंडी पसरले. स्वतःचाच आवाज ऐकण्याची सवय मात्र सत्ताधाऱ्यांना लागली, आणि जनतेचा राग त्यांच्यापर्यंत पोचेनासा झाला. मार्च १९७७ च्या मतपेटीने तो ऐकवला.

आज खेड्याचे दार रेडिओचे नाही, मोबाइलचे आहे. प्रश्न तोच आहे. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला याच गावी लाखो माणसे जातपात न पाहता एका पंगतीत बसतात. सर्वांच्या पानात एकच अन्न वाढणे ही समता होय. सर्वांच्या मुखी एकच वाक्य घालणे ही गुलामी. म्हणून ज्या दिवशी सगळीकडून एकच बातमी एकाच शब्दांत येईल, त्या दिवशी कार्यकर्त्याने चावडीवर जाऊन दुसरी बाजू मांडावी. ऐकणारे चारच असले, तरी मांडावी.